सात दगडांवरून गेलेलं पाणी

वरच्या तेरेक गावात केंजेबेक मास्तर समोरून येताना दिसले की लोक आधी हातातली प्लास्टिकची पिशवी कोटाखाली दडवत आणि मग सलाम करत. मास्तरांनी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर भूगोल सुटला, शिकवणं काही सुटलं नाही. कुणाच्या अंगणात भरदिवसा दिवा जळताना दिसला की हे फाटकातून ओरडणार, "अगं बाई, सूर्य उगवून तीन तास झाले! तुला कुणी कळवलं नाही का?" कुणी सूर्यफुलाच्या बियांची टरफलं रस्त्यावर थुंकली तर हे स्वतः वाकून ती गोळा करणार आणि थुंकणाऱ्याच्याच खिशात घालणार. गावाला त्यांचं म्हणणं पटत नव्हतं असं नाही. पटायचं, म्हणून तर जास्त राग यायचा.

मास्तरांचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र त्यांच्याच स्वयंपाकघरात, दाराआड टांगलेला होता. ती त्यांच्या बायकोची, ऊलकानची, पिशव्यांची पिशवी. दुकानातून घरात आलेली प्रत्येक प्लास्टिकची पिशवी ऊलकान धुवायची, उलटी करून दोरीवर वाळत घालायची आणि घडी करून त्या मोठ्या पिशवीत कोंबायची. त्यातली एक निळी पिशवी अकरा वर्षांची होती. मुलगी सूसार शाळेत असताना ती घरात आली. सूसार शिकली, नर्स झाली, तालुक्याच्या दवाखान्यात लागली, तरी निळी पिशवी आपली दोरीवर डुलत होतीच.

"अगं, ही दोरी रस्त्यावरून दिसते! लोक म्हणतील, मास्तरांच्या घरी प्लास्टिकचं पीक आलंय."

"लोक एकदा वापरून फेकतात. मी अकरा वर्षं वापरते. ते सांगा की लोकांना."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, ऊलकान."

"तुमच्या तत्त्वात दही बांधून नेता येतं का?"

यावर मास्तरांकडे उत्तर नसायचं, म्हणून ते बाहेर जाऊन दुसऱ्या कुणाला तरी शिकवायचे.

आता आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही खोड कुणाला नसते? मास्तरांचं झाकून ठेवलेलं म्हणजे त्यांची पांढरी झिगुली. ही मोटार त्यांना बायकोइतकीच प्रिय होती, आणि मोटार उलट बोलत नसे. दर रविवारी सकाळी नऊ वाजता मास्तर ती घरामागे न्यायचे, पुढची दोन चाकं पाण्याच्या पाटात उतरवायचे आणि जर्दाळूच्या वासाचा गुलाबी शाम्पू ओतून तासभर तिला न्हाऊ घालायचे. फेस असा यायचा की बदकं वाट सोडून पळायची. सहा वर्षांपूर्वी शेजारच्या दुइशोनने, म्हणजे गावच्या ट्रॅक्टरवाल्याने, एकदाच विचारलं होतं, "मास्तर, हे पाणी खाली जातं ना?"

"वाहतं पाणी आहे, दुइशोन. सात दगडांवरून गेलं की पाणी शुद्ध होतं. आपले पूर्वज वेडे होते का?"

दगड त्यांनी मोजूनही ठेवले होते. घराच्या कोपऱ्यापासून दुइशोनच्या कुंपणापर्यंत नऊ भरत होते. म्हणजे दोन जास्तीचेच. दुइशोनलाही एके काळी मास्तरांनीच नकाशा वाचायला शिकवलं होतं, तेव्हा तो गप्प बसला. गावातले बाकीचेही त्यांचेच विद्यार्थी, तेही गप्प बसले.

त्या उन्हाळ्यात सूसारचं लग्न ठरलं, आणि तेही खालच्या तेरेकमध्ये. मुलगा एल्दियार, जनावरांचा डॉक्टर. वरचं तेरेक आणि खालचं तेरेक यांच्यात अंतर चार किलोमीटर, पाट एकच, आणि पाण्यावरून भांडण तीन पिढ्यांचं. चाळीस वर्षांत या दोन गावांत सोयरीक झाली नव्हती. त्यामुळे मुलाकडचे येऊन सूसारच्या कानात झुमके घालणार, लग्न पक्कं होणार, त्या दिवसाकडे दोन्ही गावांचे डोळे लागले होते. जरा कुठे मान चुकला असता तर झुमके कानातून उतरायला वेळ लागला नसता. पूर्वी एकदा नुसता चहा गार होता म्हणून उतरले होते.

आणि मास्तरांनी नेमका हाच मुहूर्त निवडला. गावाच्या सभेत उभे राहून त्यांनी जाहीर केलं, "माझ्या घरच्या झुमक्यांना एकही प्लास्टिकची पिशवी दिसणार नाही!"

सभेतली माणसं कुजबुजायला लागली. कारण पाहुण्याला घरी बोलावून जेवू घालणं हे इकडे निम्मंच काम. मेंढी कापली की ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे ज्याला त्याला हाड मिळतं. सगळ्यात मोठ्या मानकऱ्याला कमरेचं मोठं हाड, मग मांडीचं, मग फऱ्याचं, आणि असं उतरत उतरत बरगडीपर्यंत. पाहुणा त्यातलं चार घास खातो आणि बाकीचं घरी वाट बघणाऱ्या पोराबाळांसाठी, म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी बांधून नेतो. हा वाटा न्यायला प्रत्येक ताटाशेजारी एक पारदर्शक पिशवी घडी करून ठेवलेली असते. ती नसेल तर पाहुण्याने चरबीने माखलेलं हाड काय टोपीत घालून न्यायचं?

"कापडी पिशव्या!" मास्तर म्हणाले. "ऊलकान शिवेल."

ऊलकानला ही बातमी सभेतच कळली.

शाळेच्या सभागृहाचे जुने हिरवे पडदे अडगळीत पडले होते. ते मास्तरांनी मागून आणले. ऊलकान आणि सूसार यांनी आठ रात्री बसून सत्तर पिशव्या शिवल्या.

"प्रत्येकीवर काहीतरी खूण घालते," ऊलकान म्हणाली. "एखादा टाका, एखादं बटण. सगळ्या सारख्याच दिसतायत."

"कशाला? माणसं सगळी सारखीच असतात."

"माणसं असतील. हाडं नसतात ना."

पण वेळ उरला नव्हता, खूण राहून गेली. शिवलेल्या पिशव्यांतली पहिली जरा वाकडी झाली होती, ती मास्तरांनी स्वतःला घेतली. मोटार धुण्याचा स्पंज आणि शाम्पूची बाटली आजवर प्लास्टिकच्या बादलीत असायची. ते सामान त्यांनी कापडी पिशवीत घातलं, व्हरांड्यातल्या पहिल्या खिळ्याला पिशवी अडकवली आणि आपण पृथ्वीसाठी आणखी थोडं काही केलं या समाधानाने चहा मागवला.

शनिवारी खालच्या तेरेकहून अठरा माणसं आली. पुढे व्याही असानकोजो, घोड्यांचा जाणकार, दोन्ही गालांवर पसरलेल्या मिशांचा धनी. मागे विहीणबाई बुरुलचा, हातात लाल डबी. तिने सूसारच्या कानात चांदीचे झुमके घातले तेव्हा ऊलकान रडली. सूसार हसली. मास्तर नाक शिंकरायला बाहेर गेले आणि धुराचं निमित्त सांगत परत आले.

जेवणं सुरू झाली. असानकोजोपुढे कमरेचं हाड आलं. त्याने शेजारची हिरवी पिशवी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली.

"व्याहीबुवा, हे काय?"

मास्तर याचीच वाट बघत होते. त्यांनी उभं राहून प्लास्टिक चारशे वर्षं कुजत नाही इथपासून सुरुवात केली आणि समुद्रातल्या माशांपर्यंत गेले. इकडच्या कुणी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण माशांबद्दल सगळ्यांना वाईट वाटलं.

असानकोजोने मांडीवर थाप मारली. "वा! अशी माणसं हवीत! नाहीतर तुमच्याच गावात एक गाढव राहतं, व्याहीबुवा. दर रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या पाटाला फेस येतो. फेस! जर्दाळूचा वास मारणारा. मार्चात, झाडावर कळी नसताना, पाण्याला जर्दाळूचा वास!"

मास्तरांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"पहिल्या वर्षी तर माझ्या आईला वाटलं, वर कुणा पीराची कबर आहे, तिथून सुगंध येतोय," असानकोजो म्हणाला. "म्हातारीने बाटल्या भरून ठेवल्या. बरकतीचं पाणी म्हणून सुनांना वाटलं. मग धाकट्या सुनेने बाटली हलवली, तर आत साबण! सहा वर्षं झाली. आम्ही म्हणतो हा त्या ट्रॅक्टरवाल्याचा उद्योग. काय नाव त्याचं?"

"दुइशोन," मागून दुइशोन म्हणाला. तो सगळ्यांना रस्सा वाढत होता. त्याने व्याह्यांकडे पाहिलं नाही. तो आपल्या मास्तरांकडे पाहत होता.

चोराच्या मनात चांदणं. मास्तरांना वाटलं आता काहीतरी बोललंच पाहिजे, आणि घाबरलेला माणूस बोलतो तेव्हा जरुरीपेक्षा जास्तच बोलतो. "असल्या माणसाला," ते गरजले, "गावाबाहेर काढलं पाहिजे! त्याच्या घराचं पाणी तोडलं पाहिजे!"

"शाबास!" असानकोजो म्हणाला.

दुइशोनने मास्तरांच्या वाडग्यात रस्सा ओतला. जरा जास्तच ओतला.

तोवर दुसरंच संकट उभं राहिलं होतं. हिरव्या पडद्यांतून चरबी झिरपायला लागली. एका बाईच्या रेशमी झग्यावर डाग पडला, एका म्हाताऱ्याची विजार भिजली. ऊलकान ओरडली, "अरे, सगळ्या पिशव्या उचला आणि व्हरांड्यात खिळ्यांना लटकवा! खाली घमेली ठेवा!" मास्तर म्हणाले, "व्याह्यांची पिशवी पहिल्या खिळ्यावर, बरं का, दुइशोन!" दुइशोन दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पळाला, पोरंटोरं मागून पळाली, आणि दहा मिनिटांत व्हरांड्यात एका रांगेत हिरव्या, ओल्या, सारख्याच दिसणाऱ्या पिशव्या ठिबकायला लागल्या.

निघताना मास्तरांनी व्याह्यांचा वाटा दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पहिल्या खिळ्यावरची पिशवी त्यांनी स्वतः काढली आणि दोन्ही हातांनी, किंचित वाकून, असानकोजोला दिली. ओली होती, जड होती. सगळ्याच ओल्या आणि जड होत्या.

बाकीच्यांनी हाताला लागेल ती पिशवी उचलली. संध्याकाळपासून वरच्या तेरेकमध्ये कुंपणांवरून हाडांची अदलाबदल सुरू झाली. ज्यांना मानापेक्षा मोठं हाड मिळालं होतं ते लवकर झोपले होते आणि दार वाजवलं तरी उठत नव्हते.

खालच्या तेरेकहून पोचल्याचा फोन आला नाही. ऊलकानने दोनदा फोन उचलून पाहिला. चालू होता.

रविवारी नऊ वाजता मास्तर झिगुलीपाशी आले. कालचं बोलणं त्यांच्या कानांतून गेलं नव्हतं. पण पाहुण्यांच्या पोरांनी मोटारीला चरबीचे हात लावले होते, ते पाहून त्यांचं काळीज तुटत होतं. आज शेवटचं, त्यांनी स्वतःला सांगितलं. आणि अगदी थोडासाच शाम्पू. शिवाय नऊ दगड आहेतच. त्यांनी पुढची चाकं पाटात उतरवली, व्हरांड्यात उरलेली एकुलती एक हिरवी पिशवी घेतली आणि स्पंजासाठी आत हात घातला.

हाताला लागलं ते गार, बुळबुळीत आणि भलंमोठं होतं. मास्तरांनी ते बाहेर काढलं. सकाळच्या उन्हात कमरेचं हाड चमकत होतं.

मास्तर भूगोलाचे. कुठली गोष्ट कुठे आहे हे सांगणं त्यांचा धंदा. हाड इथे आहे, तर स्पंज कुठे असेल, हे त्यांना एका क्षणात कळलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"ऊलकान!"

ऊलकान आली. तिने हाड पाहिलं, मोटार पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला. आधी ती इतकी हसली की तिला पाटाच्या काठावर बसावं लागलं. मग तिचं हसू एकदम थांबलं.

"म्हणजे व्याह्यांनी घरी जाऊन, सगळ्या भावांना बोलावून, सुऱ्या काढून..."

"हो."

"आणि आत तुमचा स्पंज."

"आणि शाम्पू," मास्तर म्हणाले. "जर्दाळूचा."

दारात सूसार उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा हात आपोआप कानाकडे गेला. "बाबा," ती म्हणाली, "झुमके परत मागतील का हो?"

मास्तरांना चौतीस वर्षांत कुणी इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता. त्यांना उत्तर येत नव्हतं आणि या वेळी बाहेर जाऊन दुसऱ्या कुणाला शिकवायची सोय नव्हती.

"सांगा, नवी पद्धत आहे म्हणून," ऊलकान म्हणाली. "व्याह्यांना स्वच्छतेची भेट. शहरात करतात म्हणावं. बाकी हाड मागाहून पाठवायचंच होतं, असं म्हणा."

मास्तरांना ते पटलं. मोटार अर्धी पाटात होती, ती तशीच सोडून ते पायीच निघाले. खांद्याला हिरवी पिशवी, पिशवीत हाड, पाटाच्या काठाने खाली. आणि सवयच अशी की चालता चालता ते दगड मोजायला लागले. सात झाले. नऊ झाले, दुइशोनचं कुंपण आलं. मग चाळीस झाले. गावाची हद्द संपली तेव्हा दोनशे अकरा. पाणी दगडांवरून उड्या मारत त्यांच्याबरोबर चाललं होतं, स्वच्छ आणि घाईत. मास्तर त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

मागून ट्रॅक्टर आला. दुइशोनने वेग कमी केला. "बसा, मास्तर. सोडतो."

"नको. मोजतोय."

"किती झाले?"

"तीनशे सहा."

"सातव्यालाच शुद्ध झालं ना पाणी? मग पुढचे कशाला मोजता?"

मास्तर पुढच्या दगडाकडे वळले. दुइशोनने थोडं अंतर त्यांच्या शेजारून ट्रॅक्टर चालवला. मग म्हणाला, "सहा वर्षं खालच्या बाजारात मला कुणी भाव करून देत नाही, मास्तर. साबणवाला म्हणतात. माझा ट्रॅक्टर मी कधी धुतलाय का? तुम्हीच बघा." मास्तरांनी पाहिलं. ट्रॅक्टर बहुधा जन्मापासून धुतलेला नव्हता. त्यांना फार लाज वाटली, पण ती वाटून ते उभे राहिले नाहीत, चालत राहिले, कारण पुढे त्याहून मोठी लाज वाट बघत होती.

असानकोजोच्या अंगणात पाटाच्या काठावर लाकडी ओटा होता. ओट्यावर सतरंजी अंथरलेली. सतरंजीवर असानकोजो, बुरुलचा, आणि मधोमध पांढरा फडका डोक्याला बांधलेली, सुकलेल्या जर्दाळूसारखी आनिपा आजी, असानकोजोची आई. तिघांच्या मध्ये ताटलीत, मानाच्या हाडाच्या जागी, एक निळा स्पंज आणि गुलाबी बाटली.

"या," असानकोजो म्हणाला. मिशा हलल्या नाहीत.

मास्तर बसले. बुरुलचाने चहा ओतला आणि पेला पुढे सरकवला. पेला काठोकाठ भरलेला होता.  इकडे मानाच्या पाहुण्याला अर्धाच पेला देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. काठोकाठ पेला म्हणजे प्या आणि चालू लागा.

"काल पाच भाऊ बसले होते," बुरुलचा म्हणाली. "पोरंही. हे म्हणाले, असा मान आजवर मिळाला नव्हता. सुरी हातात. मी पिशवीत हात घातला, बाई गं, मऊ लागलं. म्हटलं, काय शिजवलंय! जोरात दाबलं तर सांडलेला सगळा शाम्पू माझ्या पदरात."

"धाकट्याने तर जरा चाखूनही पाहिलं," असानकोजो म्हणाला.

मास्तरांनी सुरुवात केली, "ही, म्हणजे, एक नवी पद्धत आहे. शहरात... स्वच्छतेची..."

आनिपा आजीने हात वर केला. मास्तर थांबले. आजी त्यांच्याकडे नव्हे, पाटाकडे बघत होती.

"असान," ती म्हणाली, "किती वाजले?"

"अकराला दहा कमी, आई."

"मी सकाळपासून इथे बसलेय. सहा वर्षं झाली, रविवार चुकला नाही. पाऊस असो, बर्फ असो, दहाच्या ठोक्याला फेस. आज पाणी बघ." तिने पेला पाटात बुडवला आणि उन्हात धरला. तळाची नक्षी स्पष्ट दिसत होती. "म्हणजे ते गाढव एक तर आजारी आहे, नाहीतर माझ्या सतरंजीवर बसलंय."

  मास्तरांच्या मनात ऊलकानने शिकवलेलं सगळं वाक्य तयार होतं, स्वच्छतेची भेट, शहर, पद्धत. त्यांना सूसारचा कानाकडे गेलेला हात दिसला. आणि ट्रॅक्टरही दिसला, जन्मापासून न धुतलेला.

"आजारी नाही, आजी," मास्तर म्हणाले.

आणि मग एकदा बांध फुटला तसे ते बोलत सुटले. झिगुली, रविवार, नऊ वाजता, सात दगड, दुइशोन बिचारा. "मी त्याला गावाबाहेर काढा म्हणालो. मलाच म्हणालो मी! मी चारशे बहात्तर दगड मोजत आलोय, आणि एकानेही माझा साबण थांबवला नसेल. सूसारचा यात काही दोष नाही. ती तर मोटारीत बसतसुद्धा नाही, तिला ओकारी येते. झुमके घ्यायचे असतील तर मी स्वतः आणून देतो, पण पोरीला दोष लावू नका." एवढं म्हणून त्यांनी हिरव्या पिशवीतून हाड काढलं आणि स्पंजाशेजारी ताटलीत ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते. या वेळी धुराचं निमित्त नव्हतं, चूल लांब होती.

असानकोजोने मिशा चोळल्या. मास्तरांना वाटलं, संपलं.

"झुमके," असानकोजो म्हणाला, "आम्ही मुलीच्या कानांत घातलेत. बापाच्या नाही."

मग त्याच्या मिशा थरथरल्या, आणि तो हसायला लागला. बुरुलचा हसली, आतल्या खोलीतून कान लावून बसलेले पाच भाऊ हसले, धाकटा सगळ्यांत मोठ्याने हसला. आजी हसली नाही. ती हळूच उठली, आत गेली आणि धूळ बसलेली एक बाटली घेऊन आली. पहिल्या वर्षीच्या बरकतीच्या पाण्यातली ही शेवटची. तिने ती मास्तरांच्या कानाशी धरून हलवली. आत पांढरा फेस उठला.

"सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "अजून मेला नाही बघ. घरी ने आणि मोटारीत पुढे ठेव. कुणाला शिकवायला निघालास की आधी हिला हलवायचं."

बुरुलचाने मास्तरांपुढचा गार झालेला पेला पाटाकाठच्या झाडाला ओतला आणि नवा भरला. अर्धा. मास्तर तो प्यायले, तिने पुन्हा अर्धा भरला. असे नऊ झाले. दहाव्याला त्यांनी हात जोडले.

निघताना वाटा मिळायचाच होता. त्याच कमरेच्या हाडाचा अर्धा भाग, बोरसोक म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, आणि मूठभर मनुका. बुरुलचाने ते सगळं एका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं आणि मास्तरांच्या हातात दिलं. मास्तर पिशवीकडे बघत राहिले.

"घ्या घ्या," असानकोजो म्हणाला. "आत काय आहे ते दिसतं, एवढाच तिचा गुण."

चार किलोमीटर मास्तर ती पिशवी उघड्या हातात घेऊन चालले. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने ती पाहिली. गावात शिरले तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचली होती, आणि दुइशोन फाटकात उभा होता. मास्तरांनी भर रस्त्यात त्याची माफी मागितली. दुइशोन म्हणाला, "पहिल्यांदाच तुमचं उत्तर चुकलेलं पाहिलं, मास्तर," आणि लाजून आत पळाला.

घरी ऊलकानने पिशवी रिकामी केली. सूसारने बापाचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता कानातले झुमके चाचपले. मास्तर पिशवी घेऊन मोरीपाशी गेले. त्यांनी ती धुतली. उलटी केली. दोरीवर निळीच्या शेजारी वाळत घातली. चिमटा मात्र त्यांना सापडेना, तो ऊलकानने पुढे केला.

पुढच्या रविवारी झिगुली पाटात उतरली नाही. जर्दाळूच्या झाडाखाली उभी राहिली आणि मास्तर एका बादलीत फडकं बुचकळून तिला पुसत बसले. एका बादलीत मोटार पूर्ण होत नाही. पुढची बाजू पांढरी झाली, मागची मळकीच राहिली. पुढच्या काचेआड आजीची बाटली उभी होती. तेवढ्यात घरात फोन वाजला. ऊलकानने तो बाहेर आणून दिला. घड्याळात दहा वाजले होते.

पलीकडून आनिपा आजीचा आवाज आला. "केंजेबेक, पाणी आज स्वच्छ आलंय. तब्येत बरी आहे ना रे?"